खंडूदाची परदेशी बाई

मला गाण्यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी शहाण्याने माझ्याशी वाद घालायला नको. भजनात माझ्या हाती टाळ आले, तर मी ते भलत्याच ठिकाणी वाजवते आणि शेजारची बाई ते हळूच काढून घेते. तरीही गेलं वर्षभर मी अमेरिकेतल्या डोंगरी लोकांच्या जुन्या गाण्यांबद्दल येईल त्याला सांगत सुटले आहे. घरचे तर आता मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढवतात. ह्या सगळ्याला कारण आमचा खंडूदा.

खंडूदा म्हणजे खंडू रावजी डोर्लेकर, माझा चुलतभाऊ. मी लग्न होऊन रत्नागिरी शहरात आले, तो जन्मभर आमच्या समुद्रकाठच्या नाटे गावातच राहिला. तरुणपणी दुसऱ्यांच्या होड्यांवर गेला, मग स्वतःची लहानशी होडी केली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ती विकली आणि पडवीत बसून लोकांची जाळी विणून द्यायला लागला. आज सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. बोलायला कमी. गावात भांडण झालं तर दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडे येऊन बसतात, कारण तो कुणालाच काही बोलत नाही. मी त्याच्या अगदी उलट. आमची आजी म्हणायची, देवाने दोघांची तोंडं एकाच पोरीला दिली.

त्याचा बाप, माझा रावजीकाका, परदेशी बोटींवर आगवाला होता. बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा मारायचं काम. दोन-दोन वर्षं घरी नसायचा. आला की साबण, कांबळी, चाकू असलं काहीबाही आणायचा. एका खेपेला त्याने चावीचा फोनो आणला आणि त्याच्यासोबत काथ्याने बांधलेला तबकड्यांचा गठ्ठा. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात एका भंगारवाल्याकडे त्या पडून होत्या. तिथे त्या कुणाला नको होत्या, म्हणून ह्याने उचलल्या. निम्म्या वाटेतच फुटल्या. उरलेल्यांवर कोण गातंय आणि काय गातंय, हे घरात कुणालाच कळत नव्हतं, पण सगळी वाडी ऐकायला यायची.

पुढच्या खेपेला काका गेला तो परत आलाच नाही. तापाने गेला आणि तिकडेच पुरला, एवढा निरोप मुंबईहून आला. खंडूदा तेव्हा दहा वर्षांचा होता. बापाचा धड एक फोटोसुद्धा घरात नव्हता, आवाज तर कुठून असणार? राहिला तो फोनो आणि त्या तबकड्या.

त्यातली एक खंडूदाची विशेष लाडकी. एकटी बाई गाते, सोबत एकच तारेचं वाद्य, तेही चुकतमाकत. आवाज नाकातून येणारा, जरा चिरका. मला विचाराल तर शेळी अडकली आहे असं वाटायचं. पण खंडूदा संध्याकाळी अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून झाला की चावी द्यायचा आणि ती बाई लावायचा. लग्न झालं तरी ही सवय काही सुटली नाही. आमची वहिनी, गोदूबाई, बिचारी हसून म्हणायची, “माझ्या आधी सवत घरात हजर होती.” वहिनी गेली त्या वर्षी मात्र त्याने ती तबकडी महिनाभर लावली नाही. मग एक दिवस पुन्हा लावली.

ते गाणं कशाबद्दल आहे, ह्याविषयी खंडूदाला खात्री होती. “नवरा पाण्यावर गेलाय, तो आला नाय. ती वाट बगतंय,” असं तो सांगायचा. इंग्रजीचा त्याला गंध नाही. पुढे त्याचा मुलगा हितेश शिकला, जयगडच्या बंदरात क्रेनवर लागला, परदेशी खलाशांशी बोलून बोलून त्याचं इंग्रजीही सुधारलं. त्याने एकदा तबकडीवरचं लेबल नीट वाचलं आणि म्हणाला, “बाबा, गाण्याच्या नावात खेचर हाय.”

खंडूदाने तबकडी त्याच्या हातून परत घेतली. मग म्हणाला, “मग खेचराचा नवरा बुडला असंल.”

तर असं हे चाललं होतं. मागच्या वर्षी हितेशने बापाचा एक व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. खंडूदा चावी देतोय, तबकडी फिरतेय, मागे कोंबडी ओरडतेय. लावलेली तबकडी दुसरीच होती. ह्या बाईची तबकडी मागे भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि तिचं लेबल तेवढं दिसत होतं. ते लेबल अमेरिकेतल्या एका माणसाने पाहिलं. हा माणूस जुन्या तबकड्या गोळा करतो, दुसरा उद्योग नाही. त्याने हितेशला लिहिलं की ही तबकडी मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही, ती निघाली होती एवढंच वाचलं आहे, आणि कृपा करून तिला हात लावू नका.

पुढचं सगळं मला त्या माणसाच्या निरोपांतून कळलं. हितेश मला वाचून दाखवायचा आणि मी मध्येमध्ये प्रश्न विचारून त्याला वैतागवायचे.

गोष्ट अशी, की शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांना एकदम शोध लागला, शहरी गाण्यांपेक्षा खेड्यातल्या लोकांना आपली खेडवळ गाणी हवी असतात. मग त्या कंपन्यांची माणसं यंत्रं घेऊन डोंगरातल्या लहान लहान गावांत जायला लागली. एखादी रिकामी माडी भाड्याने घ्यायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर घोंगड्या टांगायच्या. वर्तमानपत्रात छापायचं, ज्यांना गाता-वाजवता येतं त्यांनी यावं. खाणीतले, गिरणीतले, शेतातले लोक खेचरावरून, चालत, आगगाडीने यायचे. मेणाच्या जाड चकतीवर सुई आवाज कोरायची, आणि चकती फिरायची दोरीला बांधलेल्या वजनाने, आपल्याकडे जुन्या घड्याळात असायचं तसं. वजन खाली येईपर्यंत गाणं संपवायचं, नाहीतर शेवटचं कडवं हवेत. गाऊन झालं की लोक आपापल्या गावी परत. पुष्कळांनी त्याआधी कधी गायला तोंड उघडलं होतं ते फक्त चर्चमध्ये आणि गोठ्यात.

आमची बाई त्यातलीच. तिचं नाव व्हर्डी टॅकेट. वय तेव्हा अठरा-एकोणीस. भावाबरोबर आली, दोन गाणी म्हणून गेली, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. तबकडी निघाली आणि लगेच तिकडे मंदी आली. लोकांना खायला नव्हतं, तबकड्या कोण घेणार? थोड्याच विकल्या गेल्या. कंपनीकडचा मूळ साचा पुढे युद्धात वितळवला. व्हर्डीचं लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि ती मुलगी रांगत असतानाच दुसऱ्या बाळंतपणात व्हर्डी गेली. घरातली तबकडी पुरात वाहून गेली. मुलीचं नाव ओपल. ही ओपलबाई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती, फुप्फुसं गेलेली, नाकात नळी घालून एका वृद्धाश्रमात पडून असायची. आईचा आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. तबकडीचा शोध तिने तरुणपणापासून घेतला होता, आणि ती तबकडी आमच्या नाट्यात, खंडूदाच्या पडवीत, रोज संध्याकाळी वाजत होती.

आणि त्या तबकड्या कशाच्या, तर लाखेच्या. ती लाख जायची आपल्याच देशातल्या जंगलांमधून. म्हणजे इथल्या झाडाची लाख तिकडे गेली, तिच्यावर त्या पोरीचा आवाज उमटला, आणि ती फिरून आमच्याकडे आली. हे वाचून दाखवताना हितेशनेही दोनदा मोबाईल खाली ठेवला. मी तर सरळ रडले. मला रडायला फार लागत नाही, पण ह्या वेळी कारण होतं.

खंडूदाने एवढंच विचारलं, “तिची पोर हाय? जित्ती हाय?” आणि मग म्हणाला, “लाव फोन. आत्ता ऐकवतो.”

इथेच सगळं करून टाकायला हवं होतं. हितेशही म्हणाला, मोबाईलवर घेऊन पाठवूया. पण तो अमेरिकेतला माणूस ऐकेना. तुमच्या फोनोची पोलादी सुई दर वेळी नांगरासारखी तबकडी खरवडते, आता एकदाही लावू नका, म्हणाला. मुंबईत माझ्या ओळखीचा जाणकार आहे, तो खास यंत्र घेऊन येईल आणि आवाज स्वच्छ उतरवून घेईल, सत्त्याऐंशी वर्षं थांबलेल्या बाईला खरखर कशाला ऐकवायची? तो मुंबईचा माणूस दुसऱ्या कामात अडकलेला, मे महिन्याच्या शेवटी येणार होता. उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणतात ते हेच. पण त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

खंडूदाने शब्द दिला आणि पाळला. तबकडी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. संध्याकाळी दिवा लावून झाला की नुसता बसून राहायचा. मी म्हटलं, “एकदा लाव रे, कोण बगतंय?” तर म्हणाला, “शब्द दिलाय गो बाय. पोरीची वस्तू हाय ती आता.” सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला तो पोर म्हणत होता.

मे महिन्यात मी नाट्याला गेले होते. आमच्याकडे मे म्हणजे आगोटीची धांदल, पावसाळ्याआधी घरातली प्रत्येक वस्तू सुकवून, भरून, बांधून ठेवायची. चार महिने पुढे ऊन दिसणार नाही, म्हणून आत्ताच सगळ्याला ऊन दाखवायचं. मासळी, आमसुलं, मिरच्या, गाद्या, लग्नातले शालू, पोथ्या. ज्याला ऊन दाखवलं नाही त्याला बुरशी लागलीच म्हणून समजा. ह्या कामात हितेशची बायको संध्या फार दक्ष. तिच्या हातची सुकी मासळी भाद्रपदात उघडली तरी वास नाही. खंडूदाची गादी, त्याची उशी, त्याचं कांबळं ती त्याने न सांगता उन्हात घालते. सासरा म्हणून नाही, बाप म्हणून करते. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही, पण खरं आहे.

मुंबईचा माणूस चार दिवसांनी यायचा होता. सकाळी खंडूदा बंदरावर जाळी पोचवायला गेला होता, हितेश जयगडला कामावर. संध्याने ट्रंक उघडली आणि फडकं सोडून पाहिलं, तर तबकडीवर पांढरी बुरशी. बंद ट्रंकेत, दमट हवेत, येणारच की. रोज बाहेर असायची तेव्हा कधी आली नव्हती. संध्या घाबरली. मुंबईहून माणूस येणार, परदेशातली बाई डोळे लावून बसलेली, आणि आपल्या घरची वस्तू ही अशी! तिने कोरड्या फडक्याने बुरशी हलकेच पुसली, तबकडी सुपात ठेवली, आणि सूप घरापुढच्या खळ्यात नेलं. एका बाजूला आमसुलं, दुसऱ्या बाजूला कोळंबीचे सोडे, मध्ये ती. मी पडवीत बसून लसूण सोलत होते. मलाही त्यात काही गैर दिसलं नाही.

जांभ्याचं खळं मे महिन्यात असं तापतं की अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. लाख उन्हाने मऊ पडते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. जेवणं आटोपून संध्या आमसुलं उलटायला गेली तेव्हा तबकडी सुपाच्या काठावरून ओल्या पापडासारखी खाली ओघळली होती.

ती ओरडली नाही. सूप उचलून आत आली, तबकडी स्वयंपाकघरातल्या थंड कडाप्प्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिला जे सुचलं, ते आमच्या कुठल्याही बाईला सुचलं असतं. पापड सुकताना वाकडे झाले तर आम्ही त्यांच्यावर पाटा ठेवतो, सकाळपर्यंत सरळ होतात. तिने वर फडकं घातलं, पाटा उचलला आणि जपून, अगदी जपून, वर ठेवला. तोवर कडाप्प्यावर लाख पुन्हा कडक झाली होती. कड् असा आवाज झाला. मला पडवीपर्यंत ऐकू आला. फडकं काढलं तर कडेचे काही तुकडे आणि मध्ये नुसता चुरा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. त्या दिवशी ती म्हण आठवून मला स्वतःचीच चीड आली.

खंडूदा ऊन उतरल्यावर आला. संध्या चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती, तिने मान वर केली नाही. त्याने फडक्यावरचे तुकडे पाहिले, सूप पाहिलं, पाटा पाहिला. सगळं समजायला त्याला एक क्षण लागला. मी बोलायला तोंड उघडलंच होतं, काय बोलणार होते देव जाणे. त्याने माझ्याकडे हात केला, गप अशा अर्थाने.

मग खाली वाकून, गुडघे धरत, तिच्यापुढे बसला. “पाय वाचला ना गो? पाटा जड असतो,” असं त्याने विचारलं.

तेव्हा ती रडायला लागली. तो तिथेच बसून राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रागवायचं तरी कुणावर? बुरशीवर? उन्हावर? जिने त्याच्यासाठी इतकी वर्षं सगळं उन्हात घातलं तिच्यावर? मला त्या वेळी कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडायला माणूस सापडत नव्हता.

हितेशला त्याने फोनवर सांगितलं, माझ्या हातून पडली. हितेश बापावर असा चिडला, की मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं. खंडूदा नुसता हूं हूं करत राहिला. संध्या दाराआड उभी होती.

मुंबईचा माणूस तरीही आला, त्याचं यायचं ठरलंच होतं. दर्शन नावाचा चांगला मुलगा, हळू बोलणारा. त्याने टेबल लावलं, दिवा लावला, तुकडे एकेक करून उजेडात धरले. एका तुकड्याची वाकलेली कड पाहून त्याने मान हलवली.

“ही नुसती पडलेली नाही, आजोबा,” तो म्हणाला. “आधी उन्हाने वाकली आहे. तेवढंच झालं असतं ना, तर मी काचेत धरून, हलकी ऊब देऊन सरळ केली असती. नंतर कुणी तरी तिच्यावर वजन ठेवलं…”

संध्या चहा घेऊन दारात आली होती. “ते मीच…” तिने सुरुवात केली.

“तू गप!” खंडूदा ओरडला. मी त्याला जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. “माझी तबकडी, मी उनात ठेवली, मी पाटा ठेवला. घरात दुसरा कोण हात लावतो तिला?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “च्या दे त्याला. लांबून आलाय.”

दर्शनने तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तुकडे त्याने कापसात गुंडाळून घेतले. परदेशात एक यंत्र आहे, म्हणाला, तुकड्यांचे फोटो काढून त्यावरून आवाज जुळवतात, पण वेळ लागतो, वर्ष, दोन वर्षंही. चुरा झाला तेवढं मात्र गेलंच. ओपलबाईंजवळ किती वेळ आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांचे डॉक्टर तर वर्षाची भाषाही करत नव्हते.

त्या अमेरिकेतल्या माणसाने लिहिलं, मी त्यांना समजावून सांगतो, तुम्ही काही बोलू नका. खंडूदाने मान्य केलं नाही. “मी फोडली, मी सांगणार,” म्हणाला. तोवर त्याने ओपलबाईचा आवाजही ऐकलेला नव्हता. सगळे निरोप मध्यस्थामार्फतच यायचे.

हितेशच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी चहा झाल्यावर फोन लावला. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून पडवीत ठेवला. पडद्यावर एक पांढरी उशी आणि तिच्यात बुडालेलं बारकं तोंड दिसलं. नाकात नळी. केस मात्र विंचरलेले, गळ्यात मण्यांची माळ. कुणी तरी तिला नीट तयार केलं होतं. ती काहीतरी म्हणाली. आवाज वाऱ्याच्या झुळकेएवढा, मध्येमध्ये धाप.

“नमस्कार म्हणतायत,” हितेश म्हणाला.

खंडूदाने हात जोडले. “तिला सांग, तबकडी माझ्या हातनं फुटली. चूक माझी. माफी मागायला तोंड नाय मला.”

हितेशने सांगितलं. संध्या माझ्या शेजारी बसली होती, तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पडद्यावरच्या बाईने नाकातली नळी सारखी केली. मग हळूहळू बोलली आणि हितेशने एकेक वाक्य करून सांगितलं. वस्तू फुटतात, वाईट वाटून घेऊ नका. माझी आई इतकी वर्षं तुमच्या घरी होती, कुणी तरी तिला रोज बोलतं करत होतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती कुठेच नाही.

मग तिने विचारलं, गाणं आठवतं का?

खंडूदाने गायलं. सत्तर वर्षं ऐकलेलं गाणं त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, वाद्य वाजायचं तिथे तोंडाने वाजवलं, ती जिथे श्वास घ्यायची तिथेच ह्यानेही घेतला. शब्दांना अर्थ नव्हता. इंग्रजी म्हणून जे काही तो म्हणत होता ते नाट्याच्या हवेत झिजून भलतंच झालेलं. हितेश खाली मान घालून बसला होता. ओपलबाई डोळे मिटून ऐकत राहिली.

संपल्यावर ती जरा हसली. म्हणाली, एकही शब्द कळला नाही. आणि मग म्हणाली, चाल सुंदर आहे, पण ती खरंच अशीच म्हणायची का, हे मला कसं कळणार? मी कधी ऐकलंच नाही. तुम्हीच सांगा, तिचा आवाज कसा होता?

आवाज कसा होता हे कुणी कसं सांगायचं? खंडूदाचे ओठ हलले. “बारीक…” तो म्हणाला, आणि थांबला. “बारीक, पण…” पुन्हा थांबला. पडवीत सगळे त्याच्याकडे बघत होते. आयुष्यभर शब्द वाचवलेला माणूस, नेमके आज त्याला ते हवे होते आणि सापडत नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हा उठून जाईल.

तो मोबाईलच्या जवळ सरकला. “हितेश, तिला सांग, तुझ्यावाणीच. अगदी तुझाच आवाज. तू पयला नमस्कार केलास ना, तवाच मी वळखला.”

हितेशने बापाकडे बघितलं. मग सांगितलं.

ओपलबाईने हात उचलला. त्या हाताला फार वेळ लागला. तिने तो स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि बोलायला लागली, हळू, एकेक शब्द, मध्ये थांबून. आमच्याशी नाही. हितेश भाषांतर करेना, म्हणून मी त्याला कोपर मारलं.

“काय नाय आते,” तो कुजबुजला. “नुसते शब्द बोलतायत. दार, पाणी, सकाळ… स्वतःचं ऐकतायत.”

ती बोलत होती आणि मान कलती करून ऐकत होती. मग तिकडच्या नर्सने येऊन फोन बंद केला.

श्रावणात त्या अमेरिकेतल्या माणसाचा निरोप आला, ओपलबाई गेल्या. तुकड्यांचं अजून काही जमलेलं नव्हतं. मी नाट्याला गेले. खंडूदा पडवीत होता, फोनो कापडाखाली झाकलेला. संध्याने चहा आणून दिला आणि ती आत गेल्याची मी खात्री करून घेतली. मला राहवत नव्हतं. मी विचारलं, “खरंच तसा होता रे, तिचा आवाज? म्हातारीसारखा?”

त्याने चहा बशीत ओतला.

“नाय गो,” तो म्हणाला. “कुठला तसा? तिला बरा वाटावा म्हणून बोललो.” बशी त्याने तोंडापर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. “पन आता त्या बायचा आवाज आठवायला बसलो ना, की ह्या म्हातारीचाच येतो. धाप लागलेला. आदीचा काय केल्या येत नाय.”